‘फक्त वाचायला’ उघडलेली फाइल: डिस्क्रिप्टरचे हक्क कॅप्सिकमनं कसे छाटायचे

आधी एक प्रयोग करा, मग बोलू. एक साधी फाइल बनवा. सी प्रोग्रॅममधून ती ‘ओ_आरडीओन्ली’ झेंडा लावून, म्हणजे फक्त वाचनासाठी, उघडा. मिळालेल्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे उघड्या फाइलसाठी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) देतं त्या नंबरावर, राइट करून पाहा. कर्नल एरर नंबर ९ देऊन परत पाठवेल. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. आता त्याच डिस्क्रिप्टरवर एफचमॉड बोलवा आणि फाइलच्या परवानग्या ०७७७ करा. फाइल तुमच्या मालकीची असेल तर काम बिनबोभाट होतं. ‘फक्त वाचायला’ उघडलेल्या फाइलची दारं तुम्ही सगळ्या जगाला सताड उघडून दिलीत आणि कर्नलनं हूं की चूं केलं नाही.

डिरेक्टरीचं तर याहून वाईट. डिरेक्टरी फक्त वाचायला उघडा आणि तो डिस्क्रिप्टर हातात धरून अनलिंकॲट करा. आतली फाइल उडते. हातातल्या डिरेक्टरीपासून मार्ग धरणाऱ्या ओपनॲट या कॉलला दोन टिंबांचा मार्ग द्या, थेट वरच्या डिरेक्टरीत जाता येतं. हा लिनक्सचा किंवा फ्रीबीएसडीचा (हीही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम) बग नाही, युनिक्स पहिल्यापासून असंच वागतं. उघडताना दिलेला झेंडा फक्त वाचन आणि लेखन अडवतो. बाकीच्या कामांच्या वेळी कर्नल डिस्क्रिप्टरकडे बघतच नाही. प्रोसेस कोणाच्या नावानं चालली आहे, एवढंच बघतं.

ज्यांनी कधी जमिनीच्या व्यवहारात दुय्यम निबंधक कार्यालयाच्या चकरा मारल्या आहेत, त्यांना हे लगेच कळेल. तुमच्या नावानं चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम खिशात कुलमुखत्यारपत्र घेऊन फिरतो. तुम्ही जे जे करू शकता ते ते तो करू शकतो. फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला एक फोटो वाचायचा असतो, पण त्याच्याकडे तुमच्या बँकेच्या कागदपत्रांचाही अधिकार असतो. त्या फोटोत कोणी खोडसाळ बाइट पेरले आणि प्रोग्रॅममधला बग फुटला, तर तो अधिकार हल्लेखोराच्या हाती जातो. आपल्याला हवं आहे विशेष मुखत्यारपत्र: याच फाइलसाठी, याच कामासाठी, बाकी काही नाही.

फ्रीबीएसडीवर हे विशेष मुखत्यारपत्र लिहिण्याची सोय आहे, तिचं नाव कॅप्सिकम. केंब्रिज विद्यापीठातले रॉबर्ट वॉटसन आणि जॉनथन अँडरसन, आणि गूगलमधले बेन लॉरी आणि क्रिस केन्नवे यांनी तिचा शोधनिबंध २०१० साली युसेनिक्स सिक्युरिटी परिषदेत मांडला. २०१२च्या फ्रीबीएसडी ९.० मध्ये ती प्रायोगिक म्हणून आली आणि २०१४च्या १०.० पासून कर्नलमध्ये आपोआप चालू असते. (कॅप्सिकम म्हणजे आपली ढोबळी मिरची. काम मात्र ढोबळाच्या नेमकं उलट, अगदी बारीक कातरण्याचं.)

सुरू करण्यापूर्वी

सी भाषेतला साधा प्रोग्रॅम लिहिता-वाचता येणं पुरे. ओपन, रीड, राइट, क्लोज हे सिस्टिम कॉल माहीत असावेत. मशीनवर फ्रीबीएसडी नसेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालू आवृत्ती बसवा. कंपायलर त्यातच येतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही.

या लेखात फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायची. अंडरस्कोअर जिथे इथे दिसेल तिथेच तिकडेही आहे. अडलं तर मॅन पेज उघडा. ‘कॅप्सिकम’ आणि ‘राइट्स’ या दोन नावांची चौथ्या विभागातली पानं पहिल्या दिवशीच वाचून काढा. फ्रीबीएसडीची मॅन पेज ही खरोखर वाचण्यासाठी लिहिलेली असतात, हे लिनक्सवरून येणाऱ्याला जरा उशिरा पटतं.

सरावासाठी एक छोटा प्रोग्रॅम घेऊ. तो एक लॉग फाइल वाचतो, ओळी मोजतो आणि ‘निकाल’ नावाच्या डिरेक्टरीतल्या एका फाइलच्या शेवटी आकडा लिहितो. एवढंच.

पायरी पहिली: कागद-पेन घ्या

हसू नका, सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवायचा आहे. प्रोग्रॅमच्या हातात कोणकोणते डिस्क्रिप्टर असतील आणि प्रत्येकावर नेमकी कोणती कामं होतील, याची यादी करा. आपल्या प्रोग्रॅमची यादी अशी: लॉग फाइल वाचायची. निकालाच्या डिरेक्टरीत नाव शोधायचं, फाइल नसेल तर बनवायची, असेल तर शेवटी लिहायचं. पडद्यावर संदेश दाखवायचा.

यादीत सगळे जण एक गोष्ट हमखास विसरतात, आणि ती म्हणजे वारशानं आलेले डिस्क्रिप्टर. शून्य, एक आणि दोन हे तिघे शेलनं उघडून दिलेले असतात. आपला प्रोग्रॅम कीबोर्डवरून काहीच वाचत नाही, तरी शून्य नंबरचा डिस्क्रिप्टर टर्मिनलला जोडलेलाच असतो. प्रोग्रॅम हल्लेखोराच्या ताब्यात गेला तर तुम्ही टर्मिनलवर टाइप केलेलं तो वाचू शकतो. कॅप्सिकमच्या मूळ निबंधातही टीसीपीडंप या नेटवर्कचे पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करताना लेखकांना हेच आढळलं होतं. त्यांनी त्या डिस्क्रिप्टरवर फक्त एफस्टॅटचा, म्हणजे फाइलची माहिती विचारण्याचा, हक्क ठेवला आणि बाकी सगळं काढून घेतलं.

पायरी दुसरी: जे उघडायचं ते आधी उघडा

प्रोग्रॅमची रचना अशी करा की सगळं उघडण्याचं काम सुरुवातीला होईल आणि बाहेरून आलेल्या, भरवसा नसलेल्या डेटाला हात लागेल तो त्यानंतरच. आपल्याकडे लॉग फाइल उघडा आणि निकालाची डिरेक्टरी ओपन करताना ‘ओ_डिरेक्टरी’ झेंडा लावा. निकालाची फाइल अजून उघडू नका, ती मुद्दाम नंतर उघडायची आहे.

जुन्या प्रोग्रॅममध्ये हीच पायरी अवघड जाते. त्यांच्यात फाइल उघडण्याची कामं दहा ठिकाणी विखुरलेली असतात. कॅप्सिकम लावणं म्हणजे चार ओळी वाढवणं, असं सांगणारे बहुतेक वेळा ज्या प्रोग्रॅमची मांडणी आधीच नीट होती त्यांच्याबद्दल बोलत असतात.

पायरी तिसरी: हक्क छाटा

हेडर फाइल ‘सिस’ विभागातली ‘कॅप्सिकम’ नावाची. जुन्या लेखांत तिचं नाव ‘कॅपेबिलिटी’ दिसेल, तसंच ९.० मधलं ‘कॅप_न्यू’ हे फंक्शनही दिसेल. ते विसरून जा. १०.० च्या सुमारास पावेल याकुब दावीदेक यांनी ही सगळी बाजू नव्यानं बांधली.

हक्कांसाठी ‘कॅप_राइट्स_टी’ प्रकारचं एक व्हेरिएबल घ्या. ‘कॅप_राइट्स_इनिट’ला त्याचा पत्ता द्या आणि पुढे हवे तेवढे हक्क स्वल्पविराम देऊन लिहा. मग ‘कॅप_राइट्स_लिमिट’ला डिस्क्रिप्टर आणि हे व्हेरिएबल द्या. झालं. हक्कांची संख्या मोठी आहे. सुरुवातीला सगळे हक्क ६४ बिटांत मावत होते, मग जागा पुरेना, म्हणून आता एका स्ट्रक्चरमध्ये ११४ हक्कांपर्यंत सोय आहे आणि ती २८५ पर्यंत वाढवता येते.

लॉग फाइलला काय द्यायचं? ‘कॅप_रीड’ आणि ‘कॅप_एफस्टॅट’. दुसरा कशाला, असं वाटेल. कारण तुम्ही एफगेट्ससारखी स्टँडर्ड लायब्ररीतली फंक्शनं वापरलीत तर ती बफरचा आकार ठरवायला गुपचूप एफस्टॅट करतात. फाइलमध्ये मागे-पुढे उड्या मारायच्या असतील तरच ‘कॅप_सीक’ द्या. पीरीडला मात्र रीड आणि सीक हे दोन्ही लागतात, कारण त्यात जागा तुम्ही निवडता.

आता पहिला प्रयोग पुन्हा करा. एफचमॉड या वेळी नापास होईल, एरर नंबर ९३, नाव ई-नॉट-केपेबल. तुमच्याच मालकीची फाइल, तुमच्याच नावानं चालणारा प्रोग्रॅम, तरीही नकार. पहिल्यांदा हा नकार पाहिला तेव्हा मला झालेला आनंद घरच्यांना समजावून सांगता आला नाही.

निकालाच्या डिरेक्टरीला ‘कॅप_लुकअप’, ‘कॅप_क्रिएट’ आणि ‘कॅप_राइट’ हे तीन हक्क द्या. इथे जरा थांबूया, कारण खरी गंमत या तिघांत आहे. छाटलेल्या डिरेक्टरीवरून ओपनॲटनं उघडलेली फाइल डिरेक्टरीचेच हक्क घेऊन जन्माला येते. डिरेक्टरीला वाचनाचा हक्क नाही, म्हणून आतली कोणतीही फाइल वाचता येणार नाही. ‘कॅप_एफट्रंकेट’ नाही, म्हणून जुने निकाल पुसता येणार नाहीत. ‘कॅप_अनलिंकॲट’ नाही, म्हणून फाइल उडवता येणार नाही. ‘कॅप_सीक’ही नाही, आणि म्हणून फाइल उघडताना ‘ओ_अपेंड’ झेंडा लावावाच लागेल. सीकशिवाय नुसतं लेखनासाठी उघडू पाहाल तर कर्नल नाही म्हणेल.

साध्या युनिक्सवर ‘ओ_अपेंड’ ही निव्वळ शिष्टाचाराची गोष्ट आहे. एफसीएनटीएल करून तो झेंडा कधीही काढून टाकता येतो आणि मग फाइलच्या सुरुवातीपासून हवं ते खरडता येतं. आपल्या डिस्क्रिप्टरला ‘कॅप_एफसीएनटीएल’चा हक्कच नाही, त्यामुळे झेंडा निघत नाही. सीक नसल्यामुळे पीराइटही चालत नाही. म्हणजे तीन हक्क लिहून तुम्ही अशी वही बनवलीत, जिच्यात फक्त शेवटी भर घालता येते. ऑडिट लॉगसाठी एवढं सोपं साधन मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

एक सावधगिरी: या नव्या फाइलवर एफडीओपन करू नका. तो आतून एफसीएनटीएल विचारतो आणि तोंडावर आपटतो. ओळ आधी बफरमध्ये तयार करा आणि साध्या राइटनं लिहा.

राहिले शून्य, एक, दोन. त्यांच्यासाठी हातानं हक्क लिहीत बसू नका. ‘कॅप्सिकम_हेल्पर्स’ हेडरमध्ये ‘कॅफ_लिमिट_एसटीडीआयओ’ आहे. टर्मिनलची रुंदी विचारण्यासारखे निरुपद्रवी आयओसीटीएल (उपकरणांना खास कमांड देणारा कॉल) ठेवून बाकीचे ते काढतं. मी सुरुवातीला शहाणपणा करून एक नंबरला फक्त ‘कॅप_राइट’ दिला होता. ‘पडद्यावर लिहायला आणखी काय लागतं’ हा माझा युक्तिवाद होता. पण लायब्ररीला समोर टर्मिनल आहे की पाइप हे जाणून घ्यायचं असतं. ते कळलं नाही तर तिची बफर करण्याची तऱ्हा बदलते आणि संदेश भलत्याच वेळी उमटतात. शून्य नंबर तर आपल्याला लागतच नाही, त्याच्यावरचे हक्क स्वतः आणखी कमी करून टाका.

आयओसीटीएलबद्दल दोन शब्द. हा कॉल म्हणजे कपड्यांनी भरलेलं जुनं कपाट, आत काय निघेल सांगता येत नाही. नुसता ‘कॅप_आयओसीटीएल’ दिला की सगळंच उघडं. म्हणून ‘कॅप_आयओसीटीएल्स_लिमिट’नं नेमक्या कमांडची यादी द्यायची. टीसीपीडंप नेटवर्कचे पॅकेट वाचणाऱ्या बीपीएफ डिस्क्रिप्टरवर हेच करतो. आकडेवारी विचारण्यासारख्या मोजक्या कमांड चालू ठेवतो आणि बाकी बंद करतो.

पायरी चौथी: दार लावून घ्या

इतकी मेहनत केली, पण अजून सुरक्षितता शून्य आहे. हक्क डिस्क्रिप्टरचे छाटले, प्रोग्रॅमचं कुलमुखत्यारपत्र मात्र खिशात तसंच आहे. तो सरळ ओपन करून तीच फाइल पुन्हा उघडू शकतो, पूर्ण हक्कांनिशी.

ते मुखत्यारपत्र फाडण्याचं काम ‘कॅप_एंटर’ करतो. त्याला एकही पॅरामीटर लागत नाही. तो बोलावला की प्रोसेस कॅपेबिलिटी मोडमध्ये, म्हणजे पिंजऱ्यात, जाते आणि जगाच्या सामाईक नावांशी तिचा संबंध तुटतो. ओपन चालत नाही, एरर नंबर ९४, ई-कॅप-मोड. नव्या नेटवर्क पत्त्याला कनेक्ट करता येत नाही. दुसऱ्या प्रोसेसला पीआयडीच्या नंबरावरून सिग्नल धाडता येत नाही. हातात जे डिस्क्रिप्टर आहेत, तेवढंच आता तिचं जग. यातून परतीचा रस्ता नाही. रूट असलात तरी नाही, आणि यापुढे जन्मणाऱ्या मुलांनाही हाच मोड मिळतो.

ओपनॲट चालतो, पण तो हातातल्या डिरेक्टरीपासून खाली. स्लॅशनं सुरू होणारा मार्ग दिला तर ई-नॉट-केपेबल. बाहेरच्या जागेकडे बोट दाखवणारी सिमलिंकही तशीच अडते. दोन टिंबं पूर्वी सरसकट नाकारली जायची. नव्या आवृत्त्यांत, मार्ग डिरेक्टरीच्या आत राहत असेल तर ती चालतात.

‘कॅप_एंटर’चं उत्तर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. कर्नलमध्ये कॅप्सिकम बंद असेल तर तो ई-नो-सिस देतो, आणि उत्तर न तपासणारा प्रोग्रॅम उघड्यावर आनंदात चालत राहतो. हेल्परमधला ‘कॅफ_एंटर’ ही परिस्थिती ‘ठीक आहे, पुढे चला’ अशी धरतो, बाकी चुका मात्र सांगतो. बेस सिस्टिममधल्या साधनांसाठी ते बरोबर आहे. तुमचा प्रोग्रॅम मुळात पिंजऱ्यासाठीच लिहिला असेल, तर माझं मत विचाराल तर थेट ‘कॅप_एंटर’ वापरा आणि नापास झाला की प्रोग्रॅम थांबवा.

आता निकालाची फाइल ओपनॲटनं उघडा, ओळी मोजा, आकडा लिहा.

पायरी पाचवी: स्वतःच चोर बना

चाललं म्हणजे सुरक्षित झालं असं नाही. मोड सुरू झाल्यानंतर लगेच, तात्पुरता, असा कोड घाला: पासवर्डची फाइल ओपन करून बघा, लॉग फाइलवर राइट करा, निकालाच्या फाइलवर एफट्रंकेट करा, ओपनॲटला दोन टिंबं द्या. प्रत्येक वेळी कोणता एरर आला ते छापा. ९४ आला तर मोडनं अडवलं, ९३ आला तर डिस्क्रिप्टरच्या हक्कांनी अडवलं. एखादी गोष्ट यशस्वी झाली तर पहिल्या पायरीच्या कागदाकडे परत जा.

बाहेरून बघायचं असेल तर प्रोग्रॅम चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर प्रोकस्टॅट चालवा, त्याला छोटा ‘एफ’ आणि मोठा ‘सी’ हे पर्याय आणि प्रोसेसचा नंबर द्या. प्रत्येक डिस्क्रिप्टरसमोर त्याचे हक्क दोन-दोन अक्षरांच्या खुणांनी दिसतात. ज्या रांगेत खुणांची भली लांब माळ दिसेल, तिथे काहीतरी राहून गेलंय.

आणि प्रोग्रॅम मधेच विनाकारण अडू लागला तर केट्रेसखाली चालवून केडंपनं नोंद वाचा. ‘सीएपी’ अशी खूण असलेल्या ओळींत कर्नल स्वच्छ सांगतं की या कामाला कोणता हक्क लागत होता आणि डिस्क्रिप्टरकडे कोणते होते. अंदाजपंचे हक्क वाढवत बसण्यापेक्षा या ओळी वाचणं कितीतरी स्वस्त पडतं. आणखी धीर नसेल तर ‘कर्न.ट्रॅप_ईनॉटकॅप’ हे कर्नलचं सेटिंग सिसकंट्रोल कमांडनं १ करा. मग पिंजऱ्यातल्या प्रोसेसला असा नकार मिळाला की तिथल्या तिथे सिगट्रॅप हा सिग्नल येतो आणि डीबगरमध्ये नेमकी ओळ सापडते.

कुठे पाय घसरतो

पहिला खड्डा ड्यूपचा, म्हणजे डिस्क्रिप्टरची प्रत काढणाऱ्या कॉलचा. हक्क उघड्या फाइलला चिकटलेले नसतात, ते डिस्क्रिप्टरच्या तक्त्यातल्या त्या एका ओळीला चिकटतात. छाटण्यापूर्वी ड्यूप केलेली प्रत असेल तर तिच्यावर सगळे हक्क शाबूत राहतात. छाटल्यानंतर ड्यूप केलं तर प्रतही छाटलेलीच मिळते, आणि युनिक्स सॉकेटवरून दुसऱ्या प्रोसेसला पाठवलेला डिस्क्रिप्टरही तसाच. लायब्ररी तुमच्या नकळत ड्यूप करते का, हे प्रोकस्टॅटच्या यादीत दिसतंच.

दुसरा, वेळेचा. यात मी अर्धा दिवस घालवला आहे. पिंजऱ्यात घातलेल्या माझ्या एका प्रोग्रॅमच्या नोंदी अचानक साडेपाच तास मागे पडल्या. घड्याळ बरोबर, सर्व्हर बरोबर. झालं होतं असं की लोकलटाइम पहिल्यांदा बोलावला जातो तेव्हा टाइमझोनची फाइल उघडू पाहतो. ती उघडली नाही की तो तक्रार न करता यूटीसी धरतो. एरर नाही, इशारा नाही. उपाय एका ओळीचा आहे: मोडमध्ये जाण्यापूर्वी ‘कॅफ_कॅश_टीझेडडेटा’ बोलवा. एरर संदेशांच्या भाषांतराच्या फाइलींसाठी असाच ‘कॅफ_कॅश_कॅटपेजेस’ आहे. लंडनमध्ये बसलेल्याला हा खड्डा हिवाळ्यात दिसणारही नाही, आपल्याला मात्र वर्षभर दिसतो.

तिसरी गोष्ट खड्डा नाही, पण नवख्यांना खुपते: छाटलेले हक्क परत वाढवता येत नाहीत. तसा प्रयत्न केलात तर ९३ मिळतो. शंका असेल तर दोन टप्प्यांत छाटा. आधी फाइल उघडून तयारी करण्यापुरते हक्क ठेवा, मग मुख्य लूप सुरू होण्यापूर्वी आणखी कमी करा.

काही गोष्टी आधी उघडताच येत नसतील तर

डीएनएसचं, म्हणजे नेटवर्कवरची नावं आणि पत्ते जुळवणाऱ्या व्यवस्थेचं, उदाहरण घ्या. टीसीपीडंपला पॅकेटमधल्या पत्त्यांची नावं दाखवायची असतात, आणि कोणते पत्ते येणार हे आधी माहीत नसतं. नुसता ‘कॅप_एंटर’ घातला तर नावांऐवजी आकडे दिसू लागतात, कारण नाव शोधणाऱ्या कोडला ना सेटिंगची फाइल उघडता येते ना सर्व्हरशी नव्यानं संपर्क करता येतो.

यासाठी फ्रीबीएसडीत कॅस्पर ही मदतनीस सेवांची लायब्ररी आहे. पिंजऱ्यात जाण्यापूर्वी ‘कॅप_इनिट’नं कॅस्परशी संधान बांधायचं आणि ‘सिस्टिम.डीएनएस’ ही सेवा उघडायची. बाहेर एक मदतनीस प्रोसेस उभी राहते आणि तुमच्याकडे तिच्याशी बोलण्याची एक वाहिनी येते. त्या वाहिनीवरही मर्यादा घालता येतात. टीसीपीडंप तिला फक्त पत्त्यावरून नाव शोधायची मुभा ठेवतो. उलट बाजू, म्हणजे नावावरून पत्ता, बंद. नाहीतर हल्लेखोरानं चोरलेली माहिती एखाद्या लांबलचक डोमेन नावात कोंबून बाहेर धाडली असती.

दुसरी उपयोगी सेवा फाइलआर्ग्ज. शब्द मोजणाऱ्या डब्ल्यूसीला कोणी दहा हजार फाइलींची नावं दिली तर त्या सगळ्या आधीच उघडून ठेवणं शक्य नाही, डिस्क्रिप्टर संपतील. ‘फाइलआर्ग्ज_इनिट’ला कमांडच्या ओळीतली नावं आणि लागणारे हक्क दिले की मदतनीस फक्त त्याच फाइली, त्याच हक्कांनी, मागाल तेव्हा उघडून देतो. कंपाइल करताना ‘विथ_कॅस्पर’ हे मॅक्रो द्यायला आणि कॅस्परच्या लायब्ररी जोडायला विसरू नका. मॅक्रो विसरलात तर हेडर तुम्हाला पोकळ पर्याय देतं, प्रोग्रॅम कंपाइल होतो आणि पिंजऱ्यात गेल्यावर रुसतो.

लिनक्सवर काय?

हा प्रश्न येणारच, कारण बहुतेकांचं रोजचं काम तिथलं. लिनक्सवर नेमकं हे नाही. गूगलमधल्या डेव्हिड ड्रायस्डेल यांनी कॅप्सिकम लिनक्सवर आणण्याचा प्रयत्न केला होता, पण ते काम मुख्य कर्नलमध्ये गेलं नाही. लिनक्सवरची सिस्टिम कॉल गाळणारी चाळणी सेककॉम्प. तो सिस्टिम कॉल आणि त्याचे रजिस्टरमधले आकडे बघतो. डिस्क्रिप्टर पाच हा आकडा त्याला दिसतो, त्यामागची फाइल कोणती हे दिसत नाही. लँडलॉक, जो २०२१ च्या ५.१३ आवृत्तीत आला, फाइलींच्या झाडावर हक्क बसवतो. ६.२ पासून तो फाइल लहान करण्याचा हक्कही ओळखतो आणि तो हक्क उघडतानाच डिस्क्रिप्टरला चिकटतो. ही त्यातल्या त्यात जवळची गोष्ट. ओपनॲट२ मधला ‘रिझॉल्व्ह_बिनीथ’ झेंडा डिरेक्टरीबाहेर जाऊ देत नाही, पण तो लावायचा की नाही हे प्रोग्रॅमच ठरवतो, म्हणजे ताब्यात गेलेला प्रोग्रॅम तो लावणार नाही.

नावाचा एक गोंधळही टाळा. लिनक्समध्ये ‘कॅपेबिलिटी’ म्हणतात ते रूटच्या अधिकारांचे तुकडे. ते प्रोसेसला मिळतात, कोणत्या एका फाइलशी त्यांचा संबंध नसतो. शोधताना ‘कॅप_’नं सुरू होणारी दोन्हीकडची नावं एकत्र येतात आणि नवखा माणूस दिवसभर चुकीची पानं वाचतो.

डिस्क्रिप्टरला हक्क चिकटवण्याची ही कल्पना मात्र फ्रीबीएसडीच्या बाहेर पोचली. एड स्काउटन यांच्या क्लाउडएबीआयनं ती कॅप्सिकमवरून उचलली, तिथून ती वेबअसेंब्लीच्या वासी इंटरफेसमध्ये गेली. त्याच्या पहिल्या प्रीव्ह्यूत प्रत्येक डिस्क्रिप्टरसोबत हक्कांचा संच दिसतो.

पुढचा अभ्यास तुमच्याच मशीनवर आहे. फ्रीबीएसडीवर पीएसची पूर्ण यादी काढा आणि स्थितीच्या रकान्यात मोठं ‘सी’ शोधा. ज्या प्रोसेससमोर ते दिसेल ती कॅपेबिलिटी मोडमध्ये आहे. आयपी पत्ता मागणाऱ्या डीएचक्लायंटच्या प्रोसेसपाशी ते बहुधा सापडेल. तिचा नंबर घेऊन रूट म्हणून प्रोकस्टॅट चालवा, तिच्या डिस्क्रिप्टरांवर कोणते हक्क ठेवले आहेत ते बघा, आणि मग सोर्स उघडून प्रत्येक हक्क का ठेवला असेल याचा शोध घ्या. डीएचक्लायंट जड वाटला तर हेड या छोट्या कमांडचा सोर्स घ्या. तो एका बैठकीत वाचून होतो, आणि फाइलआर्ग्ज, कॅफ_लिमिट_एसटीडीआयओ, कॅस्परसह मोडमध्ये जाणं, हे सगळं त्यात ओळीनं मांडलेलं आहे.